खालांच्या दोन गोळ्या

या महिन्याचे पान आमच्या घरातल्याच एका गोष्टीने सुरू करीत आहोत. ही गोष्ट आमच्या खालांची आहे आणि त्यांच्या परवानगीनेच लिहिली आहे. “नाव लिहू नका, बाकी सगळं लिहा. माझं झालं ते दुसरीचं होऊ नये,” असे त्या म्हणाल्या.

खालांची पाळी एकोणपन्नासाव्या वर्षी थांबली. आता महिन्याचे सात दिवस नमाज सुटणार नाही, रमजानचे रोजे सलग होतील, कजा राहणार नाही, याचा त्यांना केवढा आनंद झाला होता. पण पाठोपाठ अंगातून गरम वाफा येऊ लागल्या. तरावीहला उभ्या राहिल्या की छातीपासून मानेपर्यंत आग, मग कपडे भिजतील एवढा घाम. रात्री तीन-तीनदा जाग. शेवटी शहरातल्या एका डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून त्यांना हार्मोनच्या दोन गोळ्या लिहून दिल्या. एक रोज घ्यायची, दुसरी महिन्यातले बारा दिवस. पंधरा-वीस दिवसांत वाफा उतरल्या, झोप लागू लागली. खाला डॉक्टरीणबाईंना दुवा देत होत्या.

मात्र दुसरी गोळी संपली की दोन-चार दिवस पाळीसारखा रक्तस्राव होई. म्हणजे पुन्हा नमाज बंद, पुन्हा रोजे कजा. खालांनी कुणालाही न सांगता दुसरी गोळी सोडून दिली. स्राव थांबला. पहिली गोळी चालूच राहिली. एक वर्षाने तपासणीला या, असे सांगितले होते. तब्येत बरी आहे, कशाला जायचे, म्हणून त्या गेल्या नाहीत. जुनी चिठ्ठी दाखवली की औषधाच्या दुकानात गोळी मिळत होती. अशी सहा वर्षे गेली.

सत्तावन्नाव्या वर्षी एके दिवशी फजरच्या वेळी त्यांना कपड्यावर डाग दिसला. त्यांनी ओळखीच्या आलिमांना फोन करून नमाजचा मसला विचारला. आलिमांनी मसला सांगितला आणि डॉक्टरांनाही दाखवा, असे बजावले. खालांनी निम्मे ऐकले. पाच महिने त्या वुजू करून नमाज पढत राहिल्या आणि डाग धूत राहिल्या. पुढचे शेवटी सांगू. आधी या हार्मोनच्या प्रकरणाकडे नीट पाहू या, कारण आता हा प्रश्न घरोघरी आला आहे. कुणाच्या अम्मीला थायरॉईडची गोळी चालू आहे, कुणाच्या अब्बांना मुलाने परदेशातून ‘ताकदीची’ बाटली पाठवली आहे, तर कुणाची भाभी पिशवी काढल्यापासून बेजार आहे.

हार्मोन म्हणजे काय?

शरीरातल्या ठरावीक ग्रंथी अगदी सूक्ष्म प्रमाणात काही द्रव्ये तयार करतात आणि रक्तात सोडतात. रक्ताबरोबर ती दूरच्या अवयवांपर्यंत निरोप पोचवतात. ह्यांनाच हार्मोन किंवा संप्रेरके म्हणतात. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी शरीराचा वेग सांभाळते. बीजांडकोशातले इस्ट्रोजेन पाळी, हाडे, त्वचा आणि शरीराची उष्णता यांच्याशी निगडित आहे. पुरुषाच्या वृषणातले टेस्टोस्टेरॉन स्नायू, रक्त आणि कामेच्छा यांच्याशी.

वय वाढते तशी यांतली काही कमी होतात. बाईचे इस्ट्रोजेन चार-पाच वर्षांत वेगाने खाली येते. पुरुषाचे टेस्टोस्टेरॉन चाळिशीनंतर दर वर्षी साधारण एक टक्का या गतीने हळूहळू उतरते. मग साहजिकच मनात येते की, जे कमी झाले ते बाहेरून भरले तर माणूस पुन्हा तरुण होईल.

ही कल्पना आजची नाही. १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राऊन-सेकार नावाच्या ७२ वर्षांच्या नामांकित वैद्याने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपल्याला नवी ताकद आली, असे भर सभेत सांगितले. त्या पाण्यातल्या अर्कात हार्मोन जवळजवळ नव्हतेच. ताकद आली ती मनाच्या विश्वासाने. तरी लोकांची झुंबड उडाली. आज बाटलीवरचे लेबल बदलले आहे, झुंबड तीच आहे.

म्हणून पहिली खूणगाठ अशी बांधावी. ग्रंथी आजारी पडली, काढून टाकावी लागली किंवा अवेळी बंद पडली, तर हार्मोन हे औषध आहे आणि ते घ्यायलाच हवे. वयाने होणारी घट सोसेनाशी झाली, तर ते काही जणांसाठी, काही काळासाठी उपचार आहे. पण नुसते म्हातारपण टाळण्यासाठी घेतले, तर तो जुगार आहे.

पाळी गेल्यानंतरचे हार्मोन

भारतात बहुतेक बायकांची पाळी सेहेचाळीस ते अठ्ठेचाळीसच्या आसपास थांबते. बऱ्याच जणींना थोडाफार त्रास होतो आणि तो आपोआप निवळतो. काहींचे मात्र जगणे अवघड होते. वाफा, घाम, झोपमोड, चिडचिड, लघवीच्या जागी कोरडेपणा आणि जळजळ, वारंवार लघवीचा संसर्ग. हे सांगायला बाई लाजते. घरचे म्हणतात, “अम्मी हल्ली फार चिडतात.” अम्मी चिडत नसतात, त्या रात्र-रात्र झोपलेल्या नसतात.

वाफांवर इस्ट्रोजेनइतका गुण दुसऱ्या कुठल्याच औषधाचा नाही. त्याने हाडांची झीजही थांबते. मग भीती कसली? ती समजायला थोडा इतिहास पाहावा लागेल.

अमेरिकेत १९४२ साली इस्ट्रोजेनची गोळी बाजारात आली. १९६६ साली तिथल्या एका डॉक्टरने पुस्तक लिहून रजोनिवृत्ती हा जणू आजारच आहे आणि ही गोळी घेणारी बाई कायम तरुण राहते, असा गाजावाजा केला. लाखो बायकांनी गोळ्या घेतल्या. १९७५ साली उघड झाले की, गर्भाशय असलेल्या बाईने नुसते इस्ट्रोजेन घेतले तर गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. इस्ट्रोजेन अस्तर वाढवत नेते आणि त्याला आवरणारे कुणी उरत नाही. आवरण्याचे काम प्रोजेस्टेरॉन नावाचे दुसरे हार्मोन करते. तेव्हापासून नियम झाला की, गर्भाशय जागेवर असेल तर दोन्ही औषधे एकत्र. खालांनी सोडली ती हीच दुसरी गोळी.

पुढे २००२ साली मोठा धक्का बसला. अमेरिकेत ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ बायकांवर एक मोठी पाहणी चालू होती. निम्म्या बायकांना दोन्ही हार्मोन एकत्र असलेली गोळी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. सुमारे सव्वापाच वर्षांनी ती मध्येच थांबवली, कारण फायद्यापेक्षा नुकसान जास्त दिसले. जगभर बातम्या झाल्या, बायकांनी घाबरून गोळ्या फेकल्या आणि डॉक्टरांनी लिहिणे सोडले.

ते आकडे मोठ्या अक्षरांत न पाहता घरच्या हिशेबाने पाहू या. दहा हजार बायका वर्षभर घ्या. गोळी न घेणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर ३० जणींना झाला, गोळी घेणाऱ्यांत ३८ जणींना. हृदयविकाराचा झटका ३० ऐवजी ३७ जणींना. मेंदूचा झटका २१ ऐवजी २९. फुफ्फुसात रक्ताची गुठळी ८ ऐवजी १६. उलट खुब्याचे हाड मोडणे १५ वरून १० वर आले आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर १६ वरून १० वर. म्हणजे धोका खरा आहे, पण दहा हजारांत सात-आठ जणींचा आहे, आणि थोडा फायदाही आहे.

आणखी एक गोष्ट त्या बातम्यांत मागे पडली. त्या पाहणीतल्या बायकांचे सरासरी वय ६३ होते. बहुतेकींची पाळी जाऊन दहा वर्षे उलटली होती आणि गोळी दिली जात होती ती वाफांसाठी नव्हे, तर पुढचे आजार टळतात का, हे पाहण्यासाठी. नंतर वयाप्रमाणे हिशेब मांडला, तेव्हा चित्र वेगळे दिसले. आज जाणत्या डॉक्टरांचे मत साधारण असे आहे: बाई साठच्या आतली असेल किंवा पाळी जाऊन दहा वर्षे झाली नसतील, त्रास खरोखर जास्त असेल आणि खाली दिलेल्या अडचणी नसतील, तर हार्मोनचा फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. साठीनंतर नव्याने सुरू करू नये. हृदयविकार किंवा विसरभोळेपणा टाळण्यासाठी म्हणून तर मुळीच घेऊ नये. दोन्ही औषधे जितकी अधिक वर्षे घेतली जातात, तितका स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढत जातो, म्हणून दर वर्षी पुन्हा विचार हवा.

कुणी घेऊ नये? ज्यांना स्तनाचा कॅन्सर होऊन गेला आहे, हृदयाचा किंवा मेंदूचा झटका आला आहे, पायात वा फुफ्फुसात गुठळी झाली आहे, यकृताचा आजार आहे, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होत आहे, त्यांनी. ही यादी डॉक्टर विचारतील तेव्हा काही लपवू नये.

गोळीखेरीज इस्ट्रोजेनची पट्टी आणि जेलही मिळते. ते त्वचेतून जाते, त्यामुळे गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी असतो. फक्त खालच्या जागेचा कोरडेपणा आणि लघवीची जळजळ एवढाच त्रास असेल, तर तिथे लावायचे कमी मात्रेचे मलम पुरते. ते रक्तात फारच थोडे जाते.

आपल्या घरांतले प्रश्न

भगिनींच्या मनात आणखी काही प्रश्न असतात. ते डॉक्टरांपुढे तोंडातून निघत नाहीत, म्हणून इथे मांडतो.

पहिला, औषध कशापासून बनते? त्या अमेरिकन पाहणीत वापरलेले इस्ट्रोजेन गाभण घोडीच्या लघवीतून काढलेले होते आणि ते औषध अजूनही विकले जाते. पण इस्ट्रोजेनचा दुसरा प्रकार, ‘इस्ट्रॅडिऑल’, वनस्पतींतल्या घटकांपासून बनवतात. प्रोजेस्टेरॉनही जंगली कंद आणि सोयाबीन यांपासून बनते. मनात शंका असेल तर डॉक्टरांना सरळ विचारावे, “वनस्पतीपासूनचं मिळेल का?” बहुतेक वेळा मिळते. कॅप्सूलच्या जिलेटिनबद्दलही विचारता येते. शंका आली म्हणून औषध गुपचूप बंद करणे हा मार्ग नव्हे.

दुसरा, रोजा. रोज एकदा घ्यायची गोळी इफ्तारनंतर किंवा सहरीला घेता येते, तेवढी वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. त्वचेवरच्या मलमाबद्दल आणि औषधी पट्टीबद्दल सांगायचे, तर १९९७ साली जेद्दाहला झालेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या बैठकीत त्यांनी रोजा तुटत नाही, असा निर्णय झाला आहे. तरीही आपल्या मसलकच्या आलिमांना विचारून मनाची खात्री करून घ्यावी.

तिसरा आणि सगळ्यांत मोठा, रक्तस्राव. खालांसारखा महिन्याचा स्राव नको असेल तर त्यालाही उपाय आहे. पाळी जाऊन वर्ष झाले असेल, तर दोन्ही औषधे रोज, खंड न पाडता देण्याची पद्धत आहे. तीत सुरुवातीचे काही महिने अधूनमधून डाग पडतात, पण महिन्याची पाळी येत नाही. खालांनी डॉक्टरीणबाईंना एवढेच म्हटले असते, “बाई, माझी नमाज सुटते,” तरी औषध बदलून मिळाले असते. त्यांना वाटले, हे डॉक्टरांशी बोलायचे नसते. आम्ही म्हणतो, हेच बोलायचे असते.

आणि ही ओळ कृपया घरातल्या प्रत्येक बाईला वाचून दाखवा: पाळी जाऊन एक वर्ष झाल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी नमाजचा मसला आलिमांना विचारा आणि त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. बहुतेकदा कारण साधे निघते. ज्या थोड्या जणींना कॅन्सर असतो, त्यांचा तो लवकर सापडला तर बरा होतो.

पिशवी काढलेल्या बहिणी

हा प्रश्न फक्त पन्नाशीचा नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशये ऐन तरुणपणी काढली जातात, ही गोष्ट २०१९ साली विधिमंडळात गाजली. सरकारने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. ऊसतोडीला न जाणाऱ्या घरांतही “मुलं झाली, आता पिशवी कशाला” असे म्हणून शस्त्रक्रिया होतात.

यात एक मुद्दा निसटतो. पिशवी म्हणजे गर्भाशय. इस्ट्रोजेन तयार करतात ते शेजारचे दोन बीजांडकोश. तेही काढले असतील, तर बाईचे इस्ट्रोजेन एका दिवसात संपते, मग ती पस्तिशीची का असेना. अशा बाईची हाडे लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. तिच्यासाठी हार्मोन ही हौस नाही. वर दिलेल्या अडचणी नसतील, तर निदान पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत ते घ्यावे, असेच डॉक्टर सांगतात. गर्भाशय नसल्याने तिला दुसरी गोळीही लागत नाही. २००२ चे आकडे पन्नाशीपुढच्या बायकांचे होते. ते ऐकून पस्तिशीच्या बाईने औषध नाकारणे म्हणजे दुसऱ्याची चिठ्ठी वाचून आपला पथ्यपाणी ठरवणे.

म्हणून घरात कुणाची पिशवी काढली असेल, तर इस्पितळाचा जुना कागद शोधा. त्यावर बीजांडकोश ठेवले की काढले, हे लिहिलेले असते. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. बीजांडकोश ठेवले असले, तरी ते काही वर्षे आधी थंडावू शकतात, हेही ध्यानात असू द्या.

अब्बांची बाटली

पुरुषांचे दुखणे निराळे. थकवा, पोट सुटणे, कामेच्छा कमी होणे, याला आता ‘टेस्टोस्टेरॉन कमी’ असे एकच नाव मिळाले आहे. काहींमध्ये ते खरेच कमी असते. पण निदान करायला लक्षणे हवीत आणि वेगवेगळ्या दिवशी, सकाळच्या वेळी केलेल्या दोन रक्ततपासण्या हव्यात. संध्याकाळी एकदा रक्त देऊन ठरवता येत नाही. शिवाय लठ्ठपणा, मधुमेह आणि अपुरी झोप यांनीही ते खाली येते. आठ-दहा किलो वजन उतरवले तर ते कित्येकांचे आपोआप वर येते.

औषधाने काय मिळते? २०१६ साली पासष्टीपुढच्या आणि टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या ७९० पुरुषांवरील अमेरिकेतल्या पाहणीचे निष्कर्ष आले. वर्षभर जेल लावल्यावर कामेच्छेत माफक सुधारणा झाली, मन थोडे हलके झाले. पण ज्यासाठी बहुतेक जण ते घेतात, त्या थकव्यात म्हणावा असा फरक पडला नाही. २०२३ साली हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका असलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात हृदयाचे वा मेंदूचे झटके वाढले नाहीत, हा दिलासा मिळाला. मात्र हृदयाचे ठोके अनियमित होणे, फुफ्फुसात गुठळी होणे आणि मूत्रपिंडाला इजा होणे हे औषध घेणाऱ्यांत जास्त दिसले. पुढे हाडे मोडण्याचे प्रमाणही त्यांच्यातच जास्त निघाले.

या औषधाने रक्त घट्ट होऊ शकते, म्हणून रक्त आणि प्रोस्टेटची तपासणी ठरल्या वेळी करावीच लागते. ज्याला अजून औलाद हवी आहे त्याने तर हे घेऊच नये, कारण बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले की शुक्रजंतू तयार होणे थांबते. आणि जेल लावणाऱ्या आजोबांसाठी एक सूचना: ते अंगावरून दुसऱ्याच्या त्वचेला लागते. नातवंडांच्या शरीरात अवेळी बदल झाल्याची उदाहरणे घडली आहेत आणि त्यामुळे २००९ साली अमेरिकेत त्यावर ठळक इशारा छापणे सक्तीचे झाले. जेल लावले की हात साबणाने धुवा, जागा कपड्याने झाका, मगच नातवाला मांडीवर घ्या.

परदेशातून येणाऱ्या बाटल्यांत ‘डीएचईए’ नावाच्या गोळ्या असतात. अमेरिकेत त्या औषध म्हणून नव्हे, तर खाद्यपूरक म्हणून दुकानात मिळतात. २००६ साली वयस्क स्त्री-पुरुषांना त्या दोन वर्षे देऊन पाहिल्या. ताकद, स्नायू, रोजचे जगणे, कशातच सांगण्यासारखा फायदा झाला नाही. ‘ग्रोथ हार्मोन’च्या इंजेक्शनांची हवा १९९० सालच्या एका छोट्या पाहणीने झाली. तीत ६१ ते ८१ वयाच्या अवघ्या बारा पुरुषांना ते दिले होते. चरबी घटली आणि स्नायू वाढले, पण पुढच्या पाहण्यांत ताकद काही वाढली नाही. उलट अंगाला सूज, सांधेदुखी, हाताला मुंग्या आणि रक्तातली साखर वाढणे मात्र पदरात पडले. मुलगा प्रेमाने बाटली पाठवतो, त्याचे प्रेम कबूल करा आणि बाटली डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडू नका.

थायरॉईडची गोळी आणि सांधेदुखीची पुडी

थायरॉईड खरोखर मंदावली असेल, तर गोळी बहुधा आयुष्यभर लागते. ती आपल्या मनाने बंद करू नये. पण कित्येक वृद्धांचा नुसता टीएसएच आकडा किंचित वाढलेला असतो आणि प्रत्यक्ष हार्मोन पुरेसे असते. २०१७ साली पासष्टीपुढच्या अशा ७३७ जणांची युरोपातली पाहणी प्रसिद्ध झाली. गोळीने त्यांच्या थकव्यात किंवा इतर लक्षणांत काही फरक पडला नाही. उलट गरजेपेक्षा जास्त गोळी झाली, तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि हाडे झिजतात. म्हणून वर्षातून एकदा तरी तपासणी करून मात्रा ठरवून घ्यावी.

ही गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवावी. रमजानमध्ये सहरीच्या अर्धा-पाऊण तास आधी किंवा रात्री जेवणानंतर तीन तासांनी, अशा दोन सोयी आहेत. कुठली सोसेल ते डॉक्टरांना विचारून रमजान लागण्याआधीच ठरवावे.

शेवटचा हार्मोन नकळत पोटात जातो. गुडघे दुखतात म्हणून कुणाकडून तरी बिननावाची पुडी आणली जाते. दोन दिवसांत दादी चालू लागतात, भूक लागते, चेहरा भरतो. सगळे म्हणतात, काय हातगुण आहे! अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले कित्येकदा सापडले आहे. तेही हार्मोनच. त्याने साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे पोखरली जातात. बरेच दिवस घेतले की शरीर स्वतःचे स्टेरॉइड बनवणे सोडते आणि मग पुडी एकदम थांबवली तर जिवावर बेतू शकते. पुडी चालू असेल तर ती घेऊनच डॉक्टरांकडे जा. ती हळूहळू कशी सोडायची, ते तेच सांगतील.

पाच प्रश्न

हार्मोन कुठलाही असो, सुरू करण्याआधी पाच प्रश्न विचारावेत. हे नेमके कशासाठी देत आहात? मला न घेण्याचे काही कारण आहे का? कुठली तपासणी आणि किती दिवसांनी? किती काळ घ्यायचे? आणि यांतली एखादी गोळी सोडली तर काय होईल? उत्तरे कागदावर लिहून घ्या. जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे औषध आणू नका. घरातल्या शिकलेल्या मुला-सुनांनी सहा महिन्यांतून एकदा मोठ्यांचा औषधाचा डबा उघडून बसावे. आमच्या घरात तेवढे झाले असते, तर एक पाकीट वर्षानुवर्षे संपते आणि दुसरे कधी येतच नाही, हे आमच्या सहज लक्षात आले असते. ते आम्ही केले नाही.

पाच महिन्यांनी खालांच्या सुनेने धुतलेला कपडा पाहिला आणि त्यांना जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेले. अस्तराचा तुकडा तपासला. कॅन्सर होता, पण गर्भाशयाच्या आतच होता. शस्त्रक्रिया झाली. त्याला आता चौथे वर्ष आहे. अल्हमदुलिल्लाह, खाला बऱ्या आहेत. तपासणीची एकही तारीख चुकवत नाहीत. वाफा अजून अधूनमधून येतात. त्या मुसल्याशेजारी पंखा ठेवतात आणि नमाज पढतात.

परवा शेजारची एक बाई त्यांच्याकडे हळू आवाजात काही विचारायला आली होती. खालांनी तिला मसला सांगितला नाही. बुरखा अंगावर चढवला आणि म्हणाल्या, “चल, आधी डॉक्टरकडे. वाटेत बोलू.”